शीटमधल्या रिकाम्या ओळी: कुठल्या काढायच्या, कशा काढायच्या आणि कुठल्यांना हात लावायचा नाही

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसमध्ये दोन माणसांची झोप उडते. एक कोल्ड स्टोरेज बघणारा, दुसरा हिशेब लिहिणारा. मी दुसऱ्या जातीतला. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे रोज गाड्या येतात, काटा पावत्या येतात, त्या एक्सेलमध्ये चढतात, आणि त्यावरून शेतकऱ्यांचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, निघतो. दर हंगामात नवी पोरं-पोरी कामाला लागतात. एमएस-सीआयटी झालेलं असतं, टायपिंग माझ्यापेक्षा वेगात असतं, आणि पहिल्याच आठवड्यात हमखास एक प्रश्न येतो: "सर, सॉर्ट केलं पण अर्धीच यादी सॉर्ट झाली."

कारण बहुतेक वेळा एकच असतं. मधे कुठेतरी रिकामी ओळ असते.

हे सगळं मी तोंडी सांगून थकलो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. सूत्रं आणि मेनूची नावं इथे देवनागरीत आहेत. शीटमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

रिकामी ओळ म्हणजे बांध

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. एक्सेलच्या दृष्टीने रिकामी ओळ म्हणजे बांध. बांधाच्या पलीकडे दुसऱ्याचं शेत, आपला संबंध नाही. तुम्ही यादीतल्या एखाद्या सेलवर उभे राहून कंट्रोल+ए दाबलंत की बांधापर्यंतचाच तुकडा निवडला जातो. सॉर्ट तेवढ्याचाच होतो, फिल्टर तेवढ्यालाच लागतो. कंट्रोल+टी दाबून टेबल केलं तर तेही तिथेच थांबतं. पिव्हट टेबल घालायला गेलात तर एक्सेल स्वतः होऊन सुचवतो ती रेंजसुद्धा बांधापर्यंतचीच असते.

यातली वाईट गोष्ट म्हणजे तो काहीच बोलत नाही. चुकलं, अर्धवट झालं, असा एकही निरोप येत नाही. वरच्या चाळीस ओळी नीट लागलेल्या दिसतात, आपण समाधानाने फाइल सेव्ह करतो, आणि खालच्या पावणेचारशे ओळी जशाच्या तशा पडलेल्या असतात.

मग या ओळी येतात कुठून? बहुतेक आपणच घालतो. कागदी वहीत एका शेतकऱ्याचं संपलं की एक ओळ सोडून दुसऱ्याचं सुरू करायची सवय असते, तीच सवय शीटमध्ये येते. डोळ्याला बरं दिसतं हे खरंच आहे. काही ओळी बाहेरून येतात: टॅलीतून काढलेला रिपोर्ट, पीडीएफवरून उचललेला तक्ता, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली यादी तशीच चिकटवलेली.

आमचं शीट

पुढचं सगळं या नमुन्यावर सांगतो. आकडे उदाहरणापुरते आहेत.

तारीख | शेतकरी | गाव | वाण | क्रेट | वजन | उचल
५ फेब्रु. | अण्णा | मोहाडी | थॉमसन | ४० | ६८० | ५०००
(रिकामं) | (रिकामं) | (रिकामं) | सोनाका | २५ | ४२५ | (रिकामं)
(रिकामं) | (रिकामं) | (रिकामं) | एकूण | ६५ | ११०५ | (रिकामं)
(पूर्ण रिकामी ओळ)
५ फेब्रु. | तात्या | जानोरी | थॉमसन | ३० | ५१० | (रिकामं)

आणि असंच खाली ४१२व्या ओळीपर्यंत.

आता नीट बघा, या एवढ्याशा तुकड्यात रिकामेपणाचे तीन वेगळे अर्थ आहेत. चौथी ओळ नुसती जागा सोडण्यासाठी आहे, तिच्यात काही नाही. सोनाकाच्या ओळीत शेतकऱ्याचं नाव रिकामं आहे, पण त्याचा अर्थ "नाव नाही" असा नाही, "वरचंच" असा आहे. वहीत आपण तिथे दोन टिंबं द्यायचो. आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे) रिकामी आहे, त्याचा अर्थ उचल घेतलीच नाही. एक काढून टाकायची, एक भरायची, एकीला हात लावायचा नाही. सगळा घोळ या तिन्हींना एकाच झाडूने झाडल्यामुळे होतो.

मी केलेली चूक

मी स्वतः तोच झाडू मारला होता, म्हणून सांगतो. पहिल्या हंगामात कुणीतरी युक्ती दाखवली: सगळं निवडा, कंट्रोल+जी दाबा, स्पेशलवर जा, ब्लँक्स निवडा, मग कंट्रोल आणि वजा चिन्ह दाबून एंटायर रो. तीस सेकंदांत सगळ्या रिकाम्या ओळी गायब.

गायब झाल्या खऱ्या. पण ही युक्ती रिकाम्या ओळी शोधत नाही, रिकामे सेल शोधते. ज्या ओळीत एक जरी सेल रिकामा, ती अख्खी ओळ जाते. आमच्याकडे उचल घेणारे थोडे, न घेणारे जास्त. ४१२ ओळींच्या ६३ राहिल्या, आणि मी फाइल सेव्ह करून, बंद करून, घरी जाऊन जेवलो. दुसऱ्या दिवशी चुकारा घ्यायला माणसं दारात, आणि त्यांची नावंच यादीत नाहीत. काटा पावत्यांचे गठ्ठे उघडून दुपारपर्यंत सगळं पुन्हा चढवलं. त्या दिवशी मालक एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

ही युक्ती इंटरनेटवर सर्रास पहिला उपाय म्हणून सांगितली जाते. ज्या यादीत प्रत्येक खऱ्या ओळीतला प्रत्येक सेल भरलेला आहे, तिथेच ती चालते. आपल्याकडे अशी यादी मी तरी अजून पाहिलेली नाही.

आधी प्रत, मग ताळा

काम सुरू करण्याआधी शीटच्या खालच्या टॅबवर उजवं क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, आणि क्रिएट अ कॉपीवर टिक. गूगल शीट्समध्ये याचंच नाव डुप्लिकेट. पुढचं सगळं प्रतीवर करायचं, मूळ शीटला शिवायचं नाही. गूगल शीट्समध्ये फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, त्यामुळे कालची अवस्था परत मिळते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

प्रतीत आल्यावर दोन गोष्टी लगेच उरका. सगळं निवडून कॉपी, आणि तिथेच पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज. एकूणच्या ओळींमध्ये बेरजेची सूत्रं असतात आणि ओळी वरखाली हलवल्या की ती भलत्याच सेलची बेरीज घ्यायला लागतात, म्हणून आधीच त्यांचे साधे आकडे करून टाकायचे. दुसरं, कुणी हौसेने अण्णांचं नाव दोन-तीन ओळींवर मर्ज करून ठेवलं असेल तर ते अनमर्ज करा. मर्ज केलेल्या सेलवर सॉर्ट चालत नाही. अनमर्ज केल्यावर नाव फक्त वरच्या सेलमध्ये राहतं, खालचे रिकामे होतात. होऊ द्या, ते नंतर भरायचेच आहेत.

आता ताळा. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की पाणी किती चढलं हे आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतो: पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. पाणी हलतं, मारुती हलत नाही. शीटमध्येही असा एक मारुती लागतो. आमच्याकडे वजनाच्या रकान्याची बेरीज. रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा, खालच्या पट्टीवर सम दिसेल. तो आकडा कागदावर लिहून ठेवा. शीटमध्ये नको, कागदावर. रिकाम्या ओळी काढल्यानंतर हा आकडा एका किलोनेही हलता कामा नये. हलला, तर तुम्ही रिकामी नसलेली ओळ काढली आहे. कंट्रोल+झेड.

क्रम घाला

डावीकडे एक नवा रकाना घ्या, म्हणजे तारीख आता बी रकान्यात गेली आणि उचल एचमध्ये. ए१मध्ये लिहा क्रम, ए२मध्ये १. ए२वरच उभं राहून होम मेनूतल्या फिलमधून सिरीज निवडा, कॉलम्स ठेवा, स्टॉप व्हॅल्यू ४११. (४१२ ओळी, त्यातली पहिली मथळ्याची.) कोपऱ्यावर डबल क्लिक करून खाली ओढायची सवय असेल तर इथे ती बाजूला ठेवा, तीही बांधापाशी अडकू शकते.

या क्रमाचे दोन उपयोग. ओळी कितीही वरखाली केल्या तरी मूळ क्रमावर परत येता येतं, आणि "वरचंच" या अर्थाने रिकामे ठेवलेले सेल मूळ क्रमावरच अवलंबून आहेत. सोनाकाची ओळ अण्णांच्या खालून हलून तात्यांच्या खाली गेली, की अण्णांचे ४२५ किलो तात्यांचे झाले. दुसरा उपयोग लगेच जाणवत नाही: प्रत्येक ओळीत आता निदान एक आकडा आला, म्हणजे पूर्ण रिकामी ओळ उरलीच नाही. बांध फुटले. इथून पुढे कंट्रोल+ए अख्खं शीट धरतो.

रिकामी कोण ते मोजा

उचलच्या पुढचा आय रकाना घ्या, मथळा द्या "भरलेले". साधा मार्ग हा:

=काउंटए(बी२:एच२)

काउंट शब्दाला चिकटून ए, मधे जागा नाही. ओळीत किती सेल भरलेले आहेत ते हे सूत्र सांगतं. शून्य आलं, ओळ रिकामी. आय२ ते आय४१२ निवडून कंट्रोल+डी दाबा, सूत्र खालपर्यंत उतरेल.

पण काउंटए भोळा आहे. सेलमध्ये कुणी नुसता स्पेसबार दाबला असेल तर आपल्याला तो रिकामा दिसतो, काउंटए त्याला भरलेला म्हणतो. एखाद्या सूत्राचं उत्तर म्हणून कोरा मजकूर आलेला असेल, तोही त्याच्या हिशेबी भरलेलाच. मोठी ऑफिसं सॉफ्टवेअरमधून काढून जे रिपोर्ट पाठवतात त्यांत असे खोटे रिकामे सेल असू शकतात. गो टू स्पेशलसुद्धा (तीच कंट्रोल+जीची युक्ती) यांना ब्लँक धरत नाही. म्हणून मी सरळ हे वापरतो:

=समप्रॉडक्ट(लेन(ट्रिम(बी२:एच२)))

ट्रिम आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटतो, लेन उरलेली अक्षरं मोजतो, समप्रॉडक्ट ओळीतल्या सगळ्यांची बेरीज करतो. उत्तर शून्य, म्हणजे ओळीत खरोखर काही नाही. एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्हीकडे चालतं.

एवढं करूनही एखादी ओळ कोरी दिसते पण आकडा शून्य येत नाही, असं झालं तर तिथे वेबपेजवरून आलेली न तुटणारी मोकळी जागा असेल. तिचा क्रमांक १६०, आणि ट्रिम तिला ओळखत नाही. त्या सेलमध्ये शिरून ते न दिसणारं अक्षर कॉपी करा, कंट्रोल+एच उघडा, फाइंडमध्ये ते चिकटवा, रिप्लेस कोरं ठेवा. मात्र साध्या स्पेसच्या बाबतीत हे असंच करू नका, नाहीतर "वडनेर भैरव"चं "वडनेरभैरव" होईल आणि सगळी आडनावं नावांना चिकटतील. साध्या स्पेससाठी ऑप्शन्समध्ये जाऊन मॅच एंटायर सेल कंटेंट्सवर टिक करा, म्हणजे ज्या सेलमध्ये फक्त एकच स्पेस आहे तेवढेच साफ होतील.

काढा

आता कंट्रोल+ए, डेटा मेनूतून सॉर्ट, "माय डेटा हॅज हेडर्स"वर टिक आहे ना ते बघा, आणि "भरलेले" रकान्यावर लहानाकडून मोठ्याकडे. सगळ्या शून्यवाल्या ओळी वर एका गठ्ठ्यात येतील. डावीकडच्या ओळींच्या आकड्यांवरून त्या निवडा, उजवं क्लिक, डिलीट. कीबोर्डवरचं डिलीट बटण नको. ते फक्त आतला मजकूर पुसतं, ओळ तिथेच राहते.

मग क्रम रकान्यावर पुन्हा सॉर्ट. शीट मूळ क्रमात, मधल्या ओळी नाहीत. कागदावरचा आकडा काढा, वजनाची बेरीज बघा. तीच यायला हवी.

फिल्टर लावून शून्य निवडून त्या ओळी डिलीट करण्याचीही पद्धत आहे आणि चालते. पण फिल्टर लावलेल्या शीटमध्ये निवड करताना लपलेल्या ओळींचं काय होणार, ही धाकधूक नवख्याला नको. सॉर्ट केल्यावर काढायचं ते डोळ्यांसमोर एकत्र असतं. मला तेच बरं वाटतं.

एकूणच्या ओळी

या रिकाम्या नाहीत, पण त्याच वहीच्या सवयीतून आलेल्या आहेत, आणि राहिल्या तर बेरीज दुप्पट होते. युक्ती तीच: वाण रकान्यावर सॉर्ट करा, एकूण एका जागी येतील, काढा, क्रमावर परत या. फक्त लिहिणारे चार असले तर शब्द चार असतात. "एकूण", "एकुण", "टोटल", आणि एकाने तर नुसती रेघ मारली होती. वाणाच्या रकान्यात फिल्टरचा बाण उघडून यादी एकदा डोळ्यांखालून घाला. थॉमसन, सोनाका, शरद यांच्यात जे द्राक्ष नाही ते दिसतंच.

इथे ताळ्याची एक गंमत आहे. प्रत्येक शेतकऱ्याची एकूणची ओळ बरोबर असेल तर ती काढल्यावर वजनाची बेरीज कागदावरच्या आकड्याच्या बरोबर निम्मी यायला हवी. नाही आली, तर कुणाचं तरी एकूण लिहायचं राहिलंय किंवा चुकीचं लिहिलंय. मला दोन हंगामांत अशा तीन जुन्या चुका सापडल्या आहेत, त्या शोधायला निघालो नव्हतो तरी.

आता "वरचंच" भरा

हे काम मुद्दाम इतक्या उशिरा ठेवलंय. आधी केलं असतं तर मधल्या रिकाम्या ओळीसुद्धा अण्णांच्या नावाने भरल्या असत्या, आणि मग त्या रिकाम्या म्हणून सापडल्याच नसत्या. आधी काढणं, मग भरणं. उलटं केलं की पुन्हा पहिल्यापासून.

तारीख, शेतकरी, गाव या तीन रकान्यांतली पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंतची रेंज निवडा. उचलचा रकाना यात येऊ देऊ नका. कंट्रोल+जी, स्पेशल, ब्लँक्स. (इथे हीच युक्ती उपयोगाची. हत्यार वाईट नव्हतं, मी चुकीच्या जागी चालवलं.) फक्त रिकामे सेल निवडले जातील. आता माउसला हात न लावता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा, आणि कंट्रोल धरून एंटर. प्रत्येक रिकामा सेल आपल्या डोक्यावरचं उत्तर खाली ओढून घेतो. नुसता एंटर दाबलात तर एकच सेल भरेल.

उत्तराऐवजी सूत्रच जसंच्या तसं दिसत राहिलं, तर तो रकाना टेक्स्ट फॉरमॅटमध्ये आहे. तो जनरल करून पुन्हा करा. आणि शेवटी हे तीन रकाने कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून चिकटवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या सॉर्टला सगळी नावं एकमेकांत मिसळतील.

गूगल शीट्समध्ये गो टू स्पेशल नाही. तिथे रिकाम्या रकान्यात, समजा जे२मध्ये, =इफ(सी२="",जे१,सी२) असं लिहून खाली ओढा: सी रिकामा असेल तर वरच्या जेचं घे, नसेल तर सीचं. मग जे कॉपी करून कंट्रोल+शिफ्ट+व्हीने सीवर चिकटवा. तारीख आणि गावासाठी तेच.

सगळं झालं की क्रम आणि भरलेले हे रकाने काढून टाका आणि कंट्रोल+टी दाबून टेबल करा. नवी पावती टेबलाच्या लगेच खाली लिहिली की टेबल आपोआप वाढतं, आणि नवी रिकामी ओळ पडायला कारणच राहत नाही.

रोज तेच शीट येत असेल तर

हा सगळा खटाटोप महिन्यातून एकदा ठीक आहे. रोज संध्याकाळी तसंच शीट येत असेल तर पॉवर क्वेरी शिका. एक्सेल २०१६पासून ती डेटा मेनूतच आहे. तिच्यात एकदा पायऱ्या घातल्या की नंतर फक्त रिफ्रेश. होममध्ये रिमूव्ह रोज, त्यात रिमूव्ह ब्लँक रोज. ही आज्ञा शहाणी आहे, संपूर्ण ओळ रिकामी असेल तरच काढते. मग वाणातून एकूण गाळा, मग ट्रान्सफॉर्ममधून फिल, डाउन. क्रम इथेही तोच. फिल डाउन काम करत नसेल तर त्या सेलमध्ये "नल" दिसतंय का ते बघा. कोरा मजकूर असेल तर तो त्याला भरलेलाच समजतो. रिप्लेस व्हॅल्यूजमधून कोऱ्याच्या जागी इंग्रजीत नल लिहा, म्हणजे चालेल.

गूगल शीट्समध्ये नुसत्या रिकाम्या ओळी गाळायला दुसऱ्या टॅबवर =फिल्टर(ए२:जी४१२,डी२:डी४१२<>"") असं एक सूत्र पुरतं. हे मूळ शीटसाठी आहे, क्रमाचा रकाना घालण्याआधीचं, म्हणून इथे वाण डी रकान्यात आहे. कसोटीसाठी असा रकाना निवडायचा जो खऱ्या ओळीत कधीच रिकामा नसतो. आमच्याकडे तो वाणाचा आहे, नावाचा नाही. नावाचा घेतला असता तर सोनाका सगळा गेला असता.

ज्यांना हात लावायचा नाही

लासलगावच्या कांद्याचे भाव रोज टिपून ठेवणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत: किमान, कमाल, सरासरी, क्विंटलला. ज्या दिवशी लिलाव बंद, त्या दिवशी तारीख आहे आणि भावाचा सेल रिकामा. ही ओळ काढायची नाही. त्या दिवशी बाजार नव्हता, ही माहितीच आहे. बाजार चार दिवस बंद राहून उघडला की त्या दिवशीची आवक का फुगली हे त्या रिकाम्या ओळींशिवाय कळणार नाही.

आणि तिथे शून्यही लिहायचं नाही. पाच दिवस धरा: १५००, १६००, बंद, १७००, १६००. बंदचा सेल रिकामा ठेवला तर अ‍ॅव्हरेज चारच दिवसांची सरासरी काढतो, १६००. शून्य लिहिलंत तर पाचाने भागतो आणि १२८० येतं. एका शून्याने क्विंटलला ३२० रुपयांची आपटी. आलेखातही तसंच. रिकाम्या सेलशी रेघ तुटते, शून्याशी ती जमिनीला टेकून परत वर येते, आणि बघणाऱ्याला वाटतं त्या दिवशी कांदा फुकट वाटला. तुटलेली रेघ नको असेल तर आलेखावर उजवं क्लिक करून सिलेक्ट डेटा, हिडन अँड एम्प्टी सेल्स, तिथे जोडून घेण्याची सोय आहे.

"बंद" हा शब्द लिहायचाच असेल तर भावाच्या रकान्यात नको, बाजूला शेरा असा वेगळा रकाना करा. भावाच्या रकान्यात फक्त आकडे.

आमच्या उचलचं मात्र उलट आहे. तिथे रिकामं म्हणजे बहुतेक वेळा खरोखरच शून्य. पण तेही मी भरत नाही, कारण कधी कधी रिकामं म्हणजे "अजून विचारलं नाही" असंही असतं, आणि एकदा शून्य लिहिलं की ते कुणी पुन्हा विचारत नाही.

शेवटच्या ओळीखालचं भूत

प्रिंट दिलं आणि दहा पानं माहितीची, चाळीस कोरी, असं झालंय कधी? कंट्रोल+एंड दाबा. तो तुम्हाला ४१२व्या ओळीऐवजी ९०००व्या ओळीवर नेत असेल, तर खाली कधीतरी कुणी रंग, चौकटी किंवा स्पेस टाकून ठेवले आहेत. शेवटच्या खऱ्या ओळीच्या खालची ओळ निवडा, कंट्रोल+शिफ्ट+खालचा बाण दाबत तळापर्यंत जा. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, घाबरू नका. उजवं क्लिक, डिलीट, सेव्ह. फाइलचा आकारही बऱ्याचदा उतरतो.

मालकांना मधली जागा हवीच असते

हे सगळं केल्यावर मी पहिल्यांदा सलग शीटचं प्रिंट मालकांसमोर ठेवलं, तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "कुठला शेतकरी कुठे संपला ते कळेना, वही बरी होती." त्यांचंही बरोबर होतं. माणसाला मधे जागा लागते, एक्सेलला चालत नाही.

नुसती ओळींची उंची वाढवून थोडं भागतं. पण आता मी टेबलावरून पिव्हट करतो, ओळींत शेतकरी आणि त्याखाली वाण, व्हॅल्यूजमध्ये क्रेट आणि वजन. मग डिझाइन मेनूत ब्लँक रोज आहे, त्यात इन्सर्ट ब्लँक लाइन आफ्टर ईच आयटम. प्रत्येक शेतकऱ्यानंतर एक कोरी ओळ सुटते, एकूणही आपोआप येतं, आणि खालचं मूळ टेबल सलगच्या सलग राहतं. मालक त्या कोऱ्या ओळीत पेन्सिलने चुकारा दिल्याची खूण करतात.